भाऊ, बर्डीला चालले का?

नागपुरात धरमपेठेत गाडीला किक मारली की कोणीतरी विचारतंच, भाऊ बर्डीला चालले का? (बर्डी म्हणजे सीताबर्डी, इथला बाजाराचा भाग.) आता शब्द पाहिले तर यात फक्त माझ्या जाण्याची चौकशी आहे, पण मी "हो" म्हणून निघून गेलो तर खोटं काहीच बोललो नाही तरी समोरच्याला वाईट वाटणारच, कारण त्यानं लिफ्ट मागितली होती.

भाषेचा अभ्यास करणाऱ्या जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच वेगळं करून दाखवलं, की आपण काय बोललो, बोलून काय केलं आणि त्याचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला. इथं बोलणं प्रश्नाचं, काम विनंतीचं, आणि मी मागची सीट मोकळी केली तर तो परिणाम. न बोललेला भाग ऐकणारा कसा पकडतो, हे पुढं १९६७ मध्ये पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं हार्वर्डलाच मांडलं: समोरचा उगाच काही विचारत नाही हे आपण धरून चालतो, म्हणून अर्थ शोधतो.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे सुटायची वाट. "नाही ना भाऊ, सदरला चाललो" म्हटलं की संपलं, कोणी मागितलं नाही अन् कोणी नाकारलं नाही, दोघांचाही मान राहिला, सरळ "मला सोडून द्या" म्हटलं असतं तर हे जमलं नसतं.

आणि हाच प्रश्न घरून आईनं विचारला तर? मग लिफ्ट नाही, येताना संत्री आणायची असतात.