व्ही अँड ए मधलं क्राफ्ट प्राइझचं प्रदर्शन, आईसोबत

२०१७-१८ च्या हिवाळ्यात एका रविवारी आईला घेऊन लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमला जाऊन आलो. वुमन्स अवर क्राफ्ट प्राइझ या हस्तकलेच्या बक्षिसाच्या १२ फायनलिस्टचं काम तिथे मांडलं होतं, ५ फेब्रुवारी २०१८ पर्यंत होतं आणि फुकट होतं. नाव बीबीसी रेडिओ फोरवरच्या बायकांच्या कार्यक्रमाचं, त्यामुळे मला वाटलं सगळ्या बायकाच असतील, पण नाही, दोघं पुरुषही होते.

पहिली चूक आमचीच, रविवार निवडला. पश्चिम लंडनच्या हाउन्स्लोहून ट्यूबची पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला सोडते, स्टेशनातूनच भुयारी वाट आहे, पावसात भिजायला नको, पण शेजारच्या डायनोसॉरवाल्या म्युझियमला निघालेली अख्खी पोरंटोरं त्याच भुयारात. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी जा, त्या दिवशी रात्री दहापर्यंत उघडं असतं, एरवी पावणेसहाला बंद. २४ ते २६ डिसेंबर बंदच.

आता मुख्य. मातीकाम करणाऱ्या फिबी कमिंग्जचं कारंजं, नोव्हेंबर २०१७ मध्ये १० हजार पौंडांचं बक्षीस हिलाच मिळालं. पानाफुलांनी लगडलेलं, सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलंच नाही, आणि त्यावर पाणी सोडायचे, म्हणजे प्रदर्शन संपेपर्यंत ते हळूहळू विरघळणारच होतं. आम्ही गेलो तेव्हा पाकळ्यांच्या कडा बसल्या होत्या, खाली नुसता गाळ. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, हिचं रोजच विसर्जन चाललंय की." मग घरी येऊन तारीख बघितली तर प्रदर्शन सुरू झालं ७ सप्टेंबर २०१७ ला, अनंत चतुर्दशीनंतर बरोब्बर दोन दिवसांनी! जितक्या उशिरा जावं तितकं कमी उरलेलं दिसायचं, पण मला वाटतं हेच बघण्यासारखं होतं.

सिलिया पिमवरून मात्र आमचं वाजलं. ही लोकांचे फाटके-विरलेले कपडे रफू करते, आणि रफू मुद्दाम दिसेल असं. आईचा जन्म गेला रफू दिसू नये म्हणून डोळे फोडण्यात, ती म्हणे हे असं तर मी तुझ्या शाळेच्या स्वेटरला केलं असतं तर तू घातला असतास का? नसता घातला. पण मग तीच परत एकदा वळून बघायला गेली, टाके कसे घेतलेत ते.

बाकी लिन च्युंगचे बॅज नीट वाकून बघितले, लांबून स्वस्तातले पत्र्याचे वाटत होते, होते ते रत्नं-खडे कोरून केलेले. रोमिली सॉमरेझ स्मिथचे दागिने जमिनीत सापडलेल्या जुन्यापुराण्या धातूच्या तुकड्यांपासून केलेत, तिला हातपाय हलवता येत नाहीत, ती सांगते आणि दुसऱ्यांचे हात करतात. मला सगळ्यात कमी कळलं ते काचेचं काम, तिथून आम्ही पटकन सटकलो.

तासाभरात झालं. म्युझियम बघून झाल्यावर कॅफेत जा, टाइल्स आणि रंगीत काचांनी मढवलेल्या जुन्या खोल्यांत बसायला मिळतं, चहा महाग, पण बसण्याचे पैसे समजा. तिथे आईला सांगितलं की आपल्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम, त्याचंही आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच. भायखळ्यात बावीस वर्षं काढली आम्ही, एकदाही आत गेलो नाही.