छत्रीखालचे चौघे

मोबाइल टॉवरवर तो लांबट पांढरा डबा दिसतो ना, तो अँटेना. त्यात हल्ली एकाच पत्र्यावर दोन-तीन बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे वेगवेगळे पट्टे, नांदतात. टॉवरवर जागा मोजकी, डब्यागणिक भाडं वेगळं, वर वाऱ्याचा दाब. म्हणून ९०० मेगाहर्ट्झ आणि फाइव्ह-जीचं ३.५ गिगाहर्ट्झ एकाच रिफ्लेक्टरवर, म्हणजे त्या मागच्या पत्र्यावर, बसवायचं. माझं पोट यावरच चालतं.

कल्पना काही नवी नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशवर २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झचे फीड, म्हणजे डिशने गोळा केलेल्या लाटा टिपणारे छोटे अँटेना, एकात एक बसवलेले होते. विज्ञान दिनाला ती दुर्बीण लोकांसाठी खुली असते, तेव्हा कॉलेजात असताना तिथं मान दुखेपर्यंत वर बघत उभा राहिलो होतो. पण तिथं समोर डिश असते. आमच्याकडे सगळा संसार वीतभर खोलीत.

९०० चा डायपोल, म्हणजे लाटा सोडणारी दोन भुजांची धातूची दांडी, टोकापासून टोकापर्यंत साधारण १६७ मिलिमीटर, आणि पत्र्यापासून ८० च्या आसपास उंच. ३.५ चे डायपोल जेमतेम ४३ चे, पत्र्यापासून २०-२१ वर. म्हणजे मोठा छत्रीसारखा उभा आणि त्याच्या खाली चार बुटके. बुटक्यांनी समोर बघायचं कसं?

गेल्या पावसाळ्यात चाचणीच्या चेंबरमध्ये ३.५ चा पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो त्याचा आलेख, काढला तर बरोबर मध्यभागी खळगा. दोन दिवस केबलवर संशय घेतला, कनेक्टर बदलले, सिम्युलेशनचा मेश, म्हणजे हिशेबाची जाळी, बारीक करून रात्रभर मशीन तापवलं. शेवटी वैतागून स्क्रूड्रायव्हरने मोठा डायपोलच काढून ठेवला. खळगा गायब!

मग उलगडलं. मोठ्याची एक भुजा ८३ मिलिमीटर, म्हणजे ३.५ च्या जवळजवळ अख्ख्या तरंगलांबीएवढी. खालून आलेली लाट तिच्यावर करंट चढवते आणि ती भुजा स्वतःच, कुणी न सांगता, प्रसारण सुरू करते. उपाय ऐकायला सोपा: भुजेचे तुकडे करायचे आणि मध्ये तांब्याच्या नागमोडी कॉइल घालायच्या. ९०० ला ती कॉइल म्हणजे जवळपास सरळ तार, ३.५ ला भिंत. पहिला नमुना मी कटर आणि कॉपर टेपने केला. इतका ओबडधोबड, की टेक्निशियन काकांनी तो चिमट्यात धरून विचारलं, "साहेब, हे मोजायचंय की टाकायचंय?"

मोजला. खळगा बराचसा भरला होता.

पण कॉइलमुळे ९०० ला भुजा आहे त्यापेक्षा लांब वाटायला लागते. माझा रेझोनन्स, म्हणजे डायपोल ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात चांगला चालतो ती, घसरून थेट ८२० ला गेला, आणि हवा आहे ८८० ते ९६०. सध्या भुजा दोन-दोन मिलिमीटरने छाटतोय. दर छाटणीला कॉइलची जागा सरकते, की ३.५ पुन्हा कुरकुरायला लागतं. टेबलावर अकरा कापलेले डायपोल पडलेत, बारावा सोल्डर होतोय.