तुम्ही विचारलंत म्हणून: विम्याचाच सिनेमा का?

"दिवसभर विमा कंपनीत डेथ क्लेमच्या फायली आणि सुट्टीत पुन्हा विम्यासाठी केलेल्या खुनाचा सिनेमा? तोही शेवट पाठ असलेला?" वर माझ्या नवऱ्यावरून "साहेबांना जपून राहायला सांगा हो" हा विनोद. त्यावर हसून झालंय माझं.

सिनेमाचं नाव ‘डबल इंडेम्निटी’, म्हणजे दुप्पट भरपाई. त्याचा शेवट दिग्दर्शक बिली वाइल्डरने 1944 सालीच सुरुवातीला सांगून टाकलाय. गोळी लागलेला विमा एजंट रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, खून कबूल करतो. तेव्हा रहस्यासाठी बघते असं समजू नका. एजंटला हाताशी धरून नवऱ्याचा काटा काढणारी बायको झालेल्या बार्बरा स्टॅनविकसाठीही नाही; तिचा तो सोनेरी विग मला अजून विगच वाटतो.

मी बघते कीजसाठी. एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला क्लेम मॅनेजर. रुळांवर सापडलेल्या त्या नवऱ्याबद्दल कंपनीचा साहेब म्हणतो, ही आत्महत्या, पैसे द्यायचे नाहीत. कीज आत्महत्यांची कोष्टकं घडाघडा म्हणतो: विष घेऊन, आगगाडीखाली, ट्रकखाली, घोड्यांच्या टापांखाली, आगबोटीवरून. पण चालत्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारल्याची एकही नोंद नाही, आणि गाडीचा वेग ताशी 15 मैल! पूर्वी इथे मी टाळ्या वाजवायचे.

मग लोकलमधून पडलेल्या एका माणसाची फाइल माझ्या टेबलावर आली. अपघात ठरला तर दुप्पट रक्कम, आत्महत्या ठरली तर अपघाताचा लाभ नाही. पडला की उडी मारली, हे पंचनाम्यावरून कळत नव्हतं. बायकोला विचारायचं काम माझं. घरात ताण होता का? कर्ज? त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून पोलिसांनी परत दिलेला स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण चेपून आत बसलेलं, उघडतच नव्हतं.

"डब्यात लोणचं नाही म्हणून सकाळी भांडून गेले. मरायला निघालेला माणूस लोणच्यावरून भांडतो का, ताई?"

मूळ रक्कम मिळाली, दुप्पट नाही. शिफारस मी केली होती, वर टिकली नाही. लोणचं कुठल्या रकान्यात लिहायचं?

तरी बघते. प्रेत रुळांवर टाकून एजंट आणि ती बायको मोटारीत बसतात, स्टार्टर नुसता घरघरतो, आणि दरवेळी मी मनात म्हणते, सुरू हो गं बाई. खुन्यांसाठी! त्या बाईंना कर्ज विचारताना मात्र आवाज कोरडा ठेवला होता. नियमच तसा आहे, असं मी स्वतःला सांगते, मग स्वतःशीच वाद घालते. कीजही विधवेवर संशयच घेतो. पण त्याची विधवा खरंच खुनी होती.