नाशिक–वणी–सप्तशृंगगड: उन्हाळ्यातला घाट आणि रेडिएटरमधला पाचोळा

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी करत गडावर आणि येताना वणीहून पिंपळगाव बसवंतवरून महामार्गाने परत, अशी एप्रिलअखेरची ही एका दिवसाची फेरी. गाडी सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, आत चार माणसं. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं, म्हणून जत्रा संपल्यावरचा दिवस धरला. दर्शनाची, फ्युनिक्युलर ट्रॉलीची माहिती कुठेही मिळते. या दिवसांत जाणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल ती गोष्ट गाडीच्या नाकात दडलेली असते.

म्हसरूळ मागे पडलं की कांद्याच्या ट्रॉल्या सुरू होतात. उन्हाळ कांदा बाजारात चाललेला असतो, गव्हाची मळणी नुकतीच झालेली असते, त्यामुळे हवेत कांद्याचे पापुद्रे आणि भुसकट असतं. भुसकट निदान सैल तरी बसतं. पापुद्रा मात्र कागदासारखा सपाट चिकटतो, आणि त्यावर रात्रीच्या प्रवासातले किडे चिरडले की डिंकासारखा घट्ट बसतो. ट्रॉलीच्या मागे रेंगाळू नका. ओव्हरटेक करता येत नसेल तर चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवा.

समोरच्या जाळीतून पाहिल्यावर दिसतो तो इंजिनचं पाणी थंड करणारा रेडिएटर नव्हे, एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर. रेडिएटर त्याच्या मागे, मधे जेमतेम बोटभर फट, आणि सगळ्यात मागे फॅन. कंडेन्सरच्या कडेने आत गेलेला पाचोळा फॅन ओढून घेतो आणि तो या फटीत अडकतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत रेडिएटरचा खालचा भाग गोधडी पांघरल्यासारखा झाकलेला असतो. ‘सर्व्हिसिंग नुकतंच झालंय’ म्हणून हे सोडू नका. बहुतेक वेळा धुलाई फक्त बाहेरून होते.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बोनेट उघडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक फिरतो. वरचं प्लास्टिकचं कव्हर क्लिपांवर असतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिपची मधली पिन उचलली की ती सुटते. आता फटीत वरून टॉर्च मारा. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या ब्रॅकेटचे दहा नंबरचे दोन बोल्ट काढले की तो इंजिनकडे थोडा कलतो आणि हात जाण्याइतकी जागा होते. एसीच्या पाइपांना हात लावू नका, गॅस निघून जाईल.

आधी सगळं कोरडंच काढा. पाणी आधी मारलं तर भुसकटाचा लगदा होतो आणि रेडिएटरच्या बारीक धातूच्या पात्यांत रुततो. रंगाचा दोन इंची मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच चालवा, आडवा नको. मग एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण मिसळून शिंपडा आणि दहा मिनिटं थांबा. कपड्यांचा सोडा किंवा ॲसिड वापरू नका, ॲल्युमिनियम खातं. शेवटी बागेच्या साध्या पाइपने इंजिनच्या बाजूकडून बाहेर पाणी सोडा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन इथे नको: पाती कागदाइतकी पातळ असतात, एका फटक्यात आडवी होतात, आणि आडवं झालेलं पातं हवेला पाचोळ्याइतकंच अडवतं. धुऊन झाल्यावर मागून टॉर्च धरा. उजेड सगळीकडून सारखा आरपार आला पाहिजे.

जाळीवर मच्छरदाणी लावायचा मोह होतो. बारीक जाळी हवा अडवते आणि तासाभरात स्वतःच तुंबते. लावायचीच तर पाच-सहा मिलिमीटर छिद्रांची लावा आणि रोज झटका.

नांदुरीपासून वर दहा-एक किलोमीटर चढ आहे. वेग कमी, म्हणून समोरून येणारी हवा कमी. जोर जास्त, म्हणून उष्णता जास्त. तिसऱ्या गियरवर धापा टाकत चढवू नका. दुसऱ्यावर घ्या, इंजिनचे फेरे वाढतात तसा वॉटर पंपही जोरात फिरतो. पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे इंजिन आधीच तापलेलं असतं. त्याआधीची खूण म्हणजे एसीची हवा कोमट होणं, कारण कंडेन्सर पुढे असल्याने तो आधी गुदमरतो. लगेच एसी बंद करा: त्याची उष्णता थेट मागच्या रेडिएटरवर जात असते. काटा तरीही चढला तर हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा ठेवा आणि सुरक्षित जागी थांबा. रेडिएटरच्या झाकणाला किमान तासभर हात लावू नका. आत दाबाखाली असलेलं पाणी शंभरच्या वर तापूनही उकळलेलं नसतं; झाकण सैल केलं की एकदम उसळून अंगावर येतं.

परतीला पिंपळगाव ते नाशिक हा मोकळा महामार्ग निदानासाठी उत्तम. ऐंशीच्या वेगाला तापत असेल तर हवा अडतेय किंवा रेडिएटर आतून क्षाराने भरलाय. वेगात ठीक पण सिग्नलला तापत असेल तर फॅन, त्याचा रिले किंवा फ्यूज तपासा. वाटेत बोअरचं पाणी टाकावं लागलं असेल तर घरी आल्यावर ते काढून टाका आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) व डिमिनरलाइज्ड म्हणजे क्षार काढलेलं पाणी निम्मं-निम्मं भरा. आणि बोनेट पुन्हा एकदा उघडा. या एका फेरीनंतर फटीतून ओंजळभर पापुद्रे निघाले.