कुंभीच्या वरच्या अंगाची चार घरं

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीवर सेवेला गेलो. आमच्या चर्चचे पाळकसाहेब, तरुण संघातली दोन पोरं आणि मी. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चार घरांची ख्रिस्ती मंडळी आहे, त्यांच्या दारात उगाच गर्दी नको.

खरं तर मी नाखुशीनंच निघालो होतो. शहरातल्या आमच्या मंडळीत वर्षभर कमिटीवरून धुसफूस चाललेली, उपासनेला मागची बाकं रिकामी. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, तिथपासूनचा इतिहास आम्ही वर्धापनदिनाला छातीठोक सांगतो आणि रविवारी पाऊस लागला की घरी बसतो. मीही बसतो.

रंकाळा स्टँडवर एसटी धरली. गगनबावडा कोल्हापूरपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, आम्ही अलीकडेच एका फाट्यावर उतरलो. बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत, त्यामुळं मंडळीतल्या वयस्कर भगिनींना न्यायला खर्चाची सबब चालणार नाही. मात्र मोठा पाऊस झाला की मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर येतं आणि गाड्या बंद होतात. निघायच्या आधी स्टँडवर विचारून घ्या. परतीच्या गाडीचंही कंडक्टरलाच विचारा, मोबाईलवर बघत बसू नका.

फाट्यापासून तासभर चढ. मी चपला घालून गेलो, हा शहाणपणा तुम्ही करू नका. लाल चिखलात एक चप्पल रुतली ती पट्टा तुटूनच वर आली. पोरांनी वाजवायची पेटी खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आळीपाळीनं डोक्यावर नेली.

पाळकसाहेब आधी पोलीस पाटलांच्या घरी गेले. आम्ही कोण, कशाला आलो, कुठं मुक्काम, सगळं सांगून चहा घेतला. ही पायरी चुकवू नका. आम्ही जवळच्या नंबरचे काही चष्मे नेले होते. ते शनिवारी दुपारी देवळाच्या पारावर, मागेल त्याला दिले. तिथं प्रार्थना नाही, पत्रक नाही. चष्मा घेतलेल्या माणसाला उपासनेचं आमंत्रण देणं मला तरी बरं वाटत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही. आणि कुणी आजारी असेल तर प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करा असं चुकूनही बोलू नका. आरोग्य केंद्रात कोण घेऊन जाणार एवढं ठरवूनच उठा.

आमची फजिती वेगळीच झाली. संध्याकाळी सहाला घरभेटींना निघालो तर घरं उघडी आणि आत माणूस नाही. सगळे किटल्या घेऊन डेअरीवर. तिथं गाठलं तर एक मामा म्हणाले, "दूध घातल्याबिगर देवाला बी सवड न्हाई, सायेब. आठनंतर या." सकाळीही तेच. म्हणजे वाडीवरची वेळ पाळकाच्या घड्याळावर नाही, म्हशीवर ठरते.

मुक्काम वाडीच्या मंडळीतल्या एका आजींकडं होता. दारात सलाम केला तर आजी म्हणाल्या, "आलासा व्हय? पाय धुवा आदी." नाचणीची भाकरी, खर्डा, वर ताक. उपासनेची खोली त्यांच्या गोठ्याला लागूनच: पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, भिंतीला खडूनं काढलेला क्रूस. कोपऱ्यात गळत होतं, तिथं घमेलं ठेवलेलं. खिळ्याला सुतळीनं एक शंभरपानी वही टांगलेली होती. मला वाटलं दुधाचा हिशोब. ती उपासनेची वही निघाली. पावसाळ्यात पाळक येऊ शकत नाहीत, तेव्हाही रविवार चुकत नाही. आजींना लिहिता येत नाही, सातवीतली नात लिहिते. मी जून-जुलैची पानं वाचली.

"आज ६ माणसे. लावण असल्याने उशिरा."
"आज ३ माणसे. पाऊस."
"आज १ माणूस."

त्या एकाच ओळीपुढं पावसाचंही कारण लिहिलेलं नव्हतं. नात तेव्हा मामाच्या गावी होती. आजींनी तिला आल्यावर सांगितलं आणि तिनं ते मागाहून निळ्याऐवजी लाल शाईनं लिहिलं होतं.

"एकट्यानं काय केलासा?" एका पोरानं विचारलं.

"काय करनार? गाणी म्हटली. मला पाठ हाईत तेवढी. मग म्हशीला चारा घातला."

त्या रात्री झोप लागली नाही. पत्र्यावर सर येत होती, जात होती. मला आमच्या कमिटीतले वाद आठवत होते आणि लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा जास्त काहीतरी हलकं वाटत होतं. कुणीच आलं नाही तरी इथं उपासना झाली होती, आणि ती मोजलीही गेली होती.

रविवारी दूध घालून झाल्यावर नऊला बसलो. पेटीच्या दोन पट्ट्या ओलीनं बसल्या होत्या, पोरानं त्या गाळूनच वाजवलं. शेजारची दोन कुटुंबं नुसतं भजन ऐकायला दारात उभी राहिली. शेवटी नातीनं उभ्यानंच लिहिलं: "आज १७ माणसे. पाळक आले. ऊन."

दिवाळीनंतर जाणार असाल तर ऊसतोड चालू असते, अर्धी माणसं फडात मिळतील. बॅटरी, सुटे पैसे आणि बूट घ्या. आजींसाठी साडीबिडी नेऊ नका, त्या घेत नाहीत. वही मात्र न्या. जुनीची चार पानं उरली आहेत.