काकांची शुगर मस्त आली होती

लालबागला मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळची गर्दी म्हणजे निम्म्या लोकांकडे चिठ्ठी नाही, कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा. त्यावर नाव नसतं, नुसती लाल पट्टी. चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून ती पट्टी छापतात, आणि लोक बिनधास्त "ती लाल पट्टीवाली द्या" म्हणतात!

जुलैत भर पावसात आमचे नेहमीचे एक काका असाच तुकडा घेऊन आले, गुडघ्यासाठी पेनकिलर, अ‍ॅसेक्लोफेनॅकच्या दहा गोळ्या, आधीच्या संपल्या म्हणे. चेहरा उतरलेला म्हणून विचारलं तर दोन दिवस जुलाब, "पण पोरी, शुगर मस्त आहे, आज ७२ आली, पथ्य पाळतोय ना." लघवी होतेय का विचारलं, तर सकाळपासून नीट नाही.

मला ते ७२ काही पटेना. त्यांचं महिन्याचं औषध मीच काढते: शुगरसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन (डापा), आणि बीपीच्या टेल्मिसार्टनमध्येच मिसळलेली लघवी वाढवणारी गोळी. किडनी मंदावली की ग्लिमेपिराइड अंगात साचून राहतं आणि शुगर खाली येते, त्यात यांचं खाणंही बंद, पथ्याचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे पेनकिलर किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी आवळतं, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल करतं, जुलाब आणि लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी आधीच गेलेलं, मग गाळायला प्रेशर राहणार कुठून? चाळीत वरच्या मजल्याला पाणी चढत नाही तसं. जुलाब-उलट्या चालू असताना यातल्या बऱ्याच गोळ्या डॉक्टरांना विचारून तात्पुरत्या थांबवायच्या असतात, पण हे रुग्णाला आधीच सांगून ठेवणारे डॉक्टर मला फार कमी दिसलेत. शुगरवाले वेगळे, बीपीवाले वेगळे, हाडवाले वेगळे, सगळ्यांच्या गोळ्या एकत्र येतात त्या आमच्या पिशवीतच.

गोळी दिली नाही, काका चिडले, मी काकूंना फोन लावला. रात्री क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) ३.८, जानेवारीत १.१ होतं. अ‍ॅडमिट, सलाइन, डायलिसिस टळलं, हळूहळू १.४ वर आलं.

इथवर ठीक होतं. पण आता त्यांच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून ठरवलंय की शुगरच्या गोळ्यांनीच बाबांची किडनी गेली, आणि डापा कायमचं बंद! अहो, हे औषध किडनी वाचवायलाही देतात, २०२० मध्ये मोठी ट्रायल झाली त्यावर, डायबिटीस नसलेले किडनीचे पेशंटही होते तिच्यात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जातं, तेवढ्यानेच लोक घाबरतात. आजारपणात थांबवणं वेगळं आणि कायमचं सोडणं वेगळं, डिस्चार्ज पेपरवर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा असं लिहिलंय, पण इंग्लिशमध्ये, एका ओळीत. आणि गुडघ्याच्या गोळीवर घरात कुणाचाच राग नाही, ती साळसूद सुटली.

मुलाला समजवायला गेले, निदान लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) तरी तपासा, किडनीच्या डॉक्टरांना एकदा विचारा. तर म्हणाला, "ताई, तुमचा धंदा आहे, तुम्ही असंच म्हणणार."

२०२० ला पेटंट संपल्यापासून डापा इतकं स्वस्त झालंय की त्यात आम्हाला काय सुटणार! तो घेऊन गेला तो 'किडनी शुद्धी' पावडरचा डबा मात्र आमच्याच शेल्फवरचा, मालकांनी समोर मांडलेला, आणि त्याचं मार्जिन विचारू नका.