नव्ह-शापेल : फ्रान्समधल्या खेड्यात कोरलेली आपल्या फौजेची नावं

पॅरिस पाहून झालं की आपली बहुतेक मंडळी थेट स्वित्झर्लंडची गाडी पकडतात. माझा आग्रह आहे की त्याआधी एक-दोन दिवस काढा आणि उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेकडे जा. लील शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर नव्ह-शापेल नावाचं छोटं खेडं आहे. एक चर्च, लाल विटांची घरं आणि चहूकडे सपाट शेतं. आम्ही गेलो तेव्हा बिटाची काढणी चालू होती आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल थेट डांबरी रस्त्यावर आला होता. ही चिकणमाती पाणी धरून ठेवते. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेने अख्खा हिवाळा काढला तो याच मातीत.

१० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसातला इथे तोफा सुरू झाल्या. पस्तीस मिनिटांच्या भडिमारानंतर गढवाली, गुरखे आणि त्यांच्यासोबतचे ब्रिटिश सैनिक जर्मन खंदकांवर धावून गेले. गाव त्याच सकाळी हाती आलं, पण पुढे सरकता आलं नाही. तीन दिवसांच्या त्या लढाईत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून हिंदी फौजेने चार हजारांवर माणसं गमावली. गढवाली पलटणीतल्या गबर सिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच लढाईसाठी.

पुण्याच्या माणसाने मात्र आणखी एक तारीख लक्षात ठेवावी : २८ ऑक्टोबर १९१४. तेव्हाही हे गाव जर्मनांच्या ताब्यात होतं. ते परत घ्यायला ४७ शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या पाठवल्या गेल्या. पूल बांधायचे, खंदक खणायचे हे या लोकांचं काम. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी लावून गावात शिरावं लागलं. घराघरांतून लढत त्यांनी गावात मुसंडी मारली, पण मागून कुमक आली नाही आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. या सॅपर्समध्ये शीख आणि मुसलमानांबरोबर मराठेही होते. खडकीवरून रोज जा-ये करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? शाळेच्या पुस्तकात याला चार ओळी मिळायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

या हिंदी सैनिकांचं स्मारक गावात नाही. गावापासून पाऊण-एक किलोमीटरवर, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या हमरस्त्याच्या चौकात आहे. नवी दिल्लीच्या उभारणीत ल्युटेन्सबरोबर असलेल्या हर्बर्ट बेकर यांनी त्याची रचना केली आणि १९२७ मध्ये ते खुलं झालं. गोल आवार, त्याच्या अर्ध्या भागाला दगडी जाळी, उरलेल्या अर्ध्या भागात नावांची भिंत. मधे सुमारे १५ मीटर उंच खांब, वर कमळ, पायाशी दोन बाजूंना दोन दगडी वाघ. खांबावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीसोबत देवनागरी अक्षरंही कोरलेली आहेत. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत. ही सगळी अशा माणसांची, ज्यांची कबर किंवा दहनाची जागा कुणाला ठाऊक नाही. २०२३ पासून हे स्मारक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

नाव शोधायचं असेल तर तयारी घरूनच करा. भिंतीवरची नावं पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे नुसतं आडनाव घेऊन गेलात तर तासन् तास जातील. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की पलटण आणि फलकाचा क्रमांक मिळतो. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. इंग्रजांनी स्पेलिंग मनाला येईल तसं केलंय, म्हणून दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. घरात जुने पेन्शनचे कागद किंवा पदक असेल तर त्यावरची पलटण आधी टिपून घ्या.

जवळच रिशबूरचं पोर्तुगीज लष्करी कबरस्तान आहे. तिथे १,८३१ कबरी आहेत, त्यातल्या बऱ्याच एप्रिल १९१८ च्या लढाईतल्या. बेत्यूनकडे जाताना ल तूरेचं स्मारक लागतं. तिथे १३ हजारांवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत. बेत्यूनच्या चौकातला चौदाव्या शतकातला घंटामनोरा जाता जाता पाहून होतो. दुसरा दिवस असेल तर नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर जाच. तिथल्या लंबवर्तुळाकार स्मारकावर या भागात पडलेल्या सुमारे ५,८०,००० सैनिकांची नावं देश, हुद्दा, धर्म न लिहिता केवळ अकारविल्हे लावली आहेत. जर्मन, फ्रेंच, हिंदी सगळे एकाच रांगेत. विमीचं कॅनडाचं स्मारकही तिथून जवळ आहे. पण एका दिवसात सगळं कोंबू नका.

पॅरिसच्या गार द्यू नॉरहून लील वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे. पुढे भाड्याची गाडी घेणं सर्वांत बरं, कारण खेड्यातल्या बस मोजक्याच आणि रविवारी त्यांचा भरवसा नाही. गावातल्या रस्त्यांवर वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावं लागतं. गाडी चालवत नसाल तर लील-बेत्यून लोकलने ला बासेला उतरा. तिथून गाव पाचेक किलोमीटर, रस्ता सपाट, सायकलला उत्तम.

दुकानं दुपारी बंद होतात, रविवार-सोमवारी तर बेकरीही उघडी असेलच असं नाही. पाणी आणि खाणं लीलहूनच घ्या. स्मारकापाशी स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. शाकाहारी असाल तर बटाट्याचे तळलेले काप घेण्याआधी तेल विचारा, या भागात ते गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग काय हवं ते सांगा. लोक लगेच मोकळे होतात. बूट चिखलाचेच घाला. आणि शेताच्या कडेला गंजलेला तोफगोळा दिसला तर त्याला हात लावू नका, फोटोसाठीही जवळ जाऊ नका. नांगराला असे गोळे आजही लागतात, आणि त्यातले काही अजून जिवंत असतात.